पाळण्याची राखण : महाराष्ट्रातील बाललसीकरण व बालशुश्रूषेची वाटचाल

साठी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या हातावर देवीच्या टोचणीचा वाटोळा व्रण आढळतो. नातेपुत्यासारख्या गावात मांडीवर खेळणारे नातवंड त्या व्रणावर बोट ठेवून "आजोबा, हे काय?" असे विचारते, तेव्हा आजोबा हसून विषय टाळतात. परंतु तो व्रण म्हणजे दोनशे वर्षांच्या इतिहासाची खूण आहे. त्या नातवंडाच्या दंडावर तो नाही, कारण ज्या रोगासाठी ती टोचणी होती तो रोगच आता पृथ्वीवर उरलेला नाही. हे कसे घडले आणि त्यासाठी कोणाकोणाचे हात झिजले, याचे स्मरण नव्या पिढीला असणे अगत्याचे आहे.

पूर्वी मूल जन्माला येणे जितके स्वाभाविक होते, तितकेच ते हातचे जाणेही स्वाभाविक मानले जाई. देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही नावे प्रत्येक घराच्या ओळखीची होती. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नाही, अशी श्रद्धा होती. मागची मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू किंवा भिकू ठेवीत. मृत्यूने त्याला तुच्छ समजून सोडून द्यावे, एवढीच त्यामागील मातेची आस असे. ही नावे आता हास्यास्पद वाटतात. परंतु त्यांच्या मागे रिकामे झालेले पाळणे आहेत.

देवीची टोचणी

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गोस्तनदेवीचा द्रव टोचून देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवून दिले. हा द्रव व्हिएन्ना, बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेस भारतातील पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. तिच्या हातावर उठलेल्या फोडातील द्रव मुंबईतील अन्य मुलांना व त्यांच्यापासून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद येथे नेण्यात आला. त्या काळी शीतपेटी नव्हती. लस एका बालकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जिवंत ठेवावी लागे. म्हणजे देशातील लसीकरणाचा पाया एका अजाण मुलीच्या दंडावर घातला गेला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पुढे १८७७ साली मुंबई शहरात बालकांना देवी काढून घेणे कायद्याने सक्तीचे झाले. खेडोपाडी 'देवी डॉक्टर' येऊ लागले. ते आले की माता मुलांना लपवीत. याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. परका पुरुष दारी येई, मुलाचा हात धरून टोची आणि निघून जाई. रात्री मुलास ताप भरला, हात सुजला, तर विचारावे कोणाला? टोचणारा होता, पण पाहणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून निघण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

१८९७ : एकाच वर्षातील दोन घटना

प्लेगच्या साथीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

त्याच वर्षी पुण्याजवळ मुंढवा येथे पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेगची लागण झाली. वृद्ध सावित्रीबाई फुले यांनी त्या मुलास पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या उपचारकेंद्रात पोहोचविले. मूल वाचले, परंतु सावित्रीबाईंना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लसीचा शोध ही विद्या, आणि आजारी मूल ओळखून वेळेत उपचारापर्यंत नेणे ही शुश्रूषा. दोन महिन्यांच्या अंतराने ही दोन्ही रूपे महाराष्ट्राने पाहिली.

शुश्रूषेची विद्या

अशा शुश्रूषेसाठी शिकलेल्या स्त्रिया हव्या होत्या आणि समाजाची तयारी नव्हती. परक्याची मलमूत्रे काढणे हे घरंदाज स्त्रीचे काम नव्हे, असे मानले जाई. १९०९ साली पुण्यात सेवासदन संस्था उभी राहिली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. ज्या स्त्रीस मंगलकार्यात पुढे येऊ दिले जात नसे, तिच्याच हाती आजारी बालक सोपविले जाऊ लागले, ही लहान क्रांती नव्हे. १९२९ साली परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले आणि लहान मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे हा विचार येथे रुजला.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील अखेरचा रुग्ण आढळला आणि १९७७ साली देश देवीमुक्त घोषित झाला. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. मैदानी भागात पाच हजार लोकवस्तीस एक उपकेंद्र व तेथे परिचारिका, अशी रचना झाली. गावाची 'नर्सबाई' ती हीच. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी ती चौकाचौकांत बसू लागली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

जामखेड व गडचिरोली

तथापि लस पोहोचली म्हणजे मूल वाचलेच, असे होत नाही. न्यूमोनिया, जुलाब आणि जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस यांत असंख्य बालके जात होती. याचे उत्तर महाराष्ट्राच्या दोन दुष्काळी व दुर्गम मुलखांत सापडले.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले; पण बाहेरून आलेल्या तरुणीस गावाने आपले मानले नाही. मग त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना निवडून शिकविले. त्या परिसरात आरंभी हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्या खाली आले.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. न्यूमोनियात मुलाचा श्वास वेगाने चालतो. परंतु ज्या दाईस शंभरापर्यंत मोजता येत नाही, तिने श्वास कसे मोजावेत? त्यांनी मण्यांची चौकट व वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ यांचे साधे यंत्र बनविले. श्वास मोजत मणी सरकवायचे. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी संपले तर न्यूमोनिया समजावा. पुढे एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकाचे वजन, ताप, अंगावर पिणे व श्वास पाहू लागल्या. बाळास ऊब राहावी म्हणून दुपट्याबरोबर शिवलेली उबदार पिशवी देऊ लागल्या. नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशा सेविकांकडे ही घरभेटीची पद्धत सोपविण्यात आली.

आजची राखण

आज लसीकरण सत्रात परिचारिका काय करते, हे प्रत्येक आजी-आजोबांनी एकदा बारकाईने पाहावे. लस दोन ते आठ अंश तापमानात आलेली असते. टोचल्यावर ती मातेस चार गोष्टी सांगते : कोणती लस दिली, कोणता त्रास होऊ शकेल व तेव्हा काय करावे, पुन्हा केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवावे. त्यानंतर अर्धा तास बाळास तेथेच थांबविले जाते. देवी डॉक्टरांच्या काळी जे नव्हते, ते हेच होय.

आजारी मूल ओळखण्याच्या खुणाही घरोघरी ठाऊक हव्यात. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ वा अधिक, एक वर्षापर्यंत पन्नास वा अधिक, पाच वर्षांपर्यंत चाळीस वा अधिक असेल. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल. मूल अंगावर पीत नसेल, घेतलेले सारे उलटून टाकत असेल, त्यास झटके आले असतील वा ते सुस्त, निपचित पडले असेल, तर काढा, अंगारा वा 'उद्या पाहू' यांत वेळ न दवडता त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. जुलाबात क्षारसंजीवनीचे पाणी लगेच सुरू करावे. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने हजारो पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवर असलेल्या नातेपुत्यास पटकीची धास्ती सांगावयास नको. आषाढीच्या गर्दीबरोबर तिची साथ पसरण्याचे भय पिढ्यान् पिढ्या होते.

हे कार्य संपलेले नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, प्रामुख्याने गोवंडी परिसरात, गोवराची साथ पसरली आणि काही बालकांचा त्यात अंत झाला. कोरोनाच्या काळात चुकलेल्या मात्रा हे त्याचे एक मोठे कारण होते. गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा, नवव्या महिन्यानंतर व सोळा ते चोवीस महिन्यांत, मोफत मिळतात. तरीही 'दुखणे तर आता कोठे दिसते?' असे म्हणणारे सुशिक्षितही आहेत. दुखणे दिसत नाही, कारण कोणीतरी दर महिन्यास पेटी घेऊन दारी येत आहे.

आजोबांच्या हातावरील व्रण त्यांच्याबरोबर जाईल. तो जाण्याआधी नातवंडास त्याची कथा सांगावी, आणि सांगून झाल्यावर त्याचे लसीकरण कार्ड एकदा उघडून पाहावे.