रानटर्कीचे स्थानांतरण

रानटर्की भरपूर असलेल्या जंगलातून त्यांचे थवे जिवंत पकडायचे आणि ही जात जेथून नाहीशी झाली आहे अशा प्रदेशात नेऊन सोडायचे, ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून राबवलेली पद्धत. शतकाच्या आरंभी नामशेष होण्याच्या वाटेवर असलेला हा पक्षी आज अलास्का वगळता ४९ राज्यांत आढळतो. एखादा मोठा वन्यपक्षी माणसाने प्रयत्नपूर्वक परत आणल्याची इतक्या मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

रानटर्की (मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो) हा मोर, रानकोंबडी व तित्तिर यांच्याच कुलातला पक्षी. प्रौढ नराचे वजन सर्वसाधारणपणे ७ ते ११ किलोग्रॅम भरते. मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. नराचे डोके व मान पिसांविना असून विणीच्या काळात त्यांवर लाल, निळा व पांढरा रंग चढतो. मादीपुढे तो शेपटीचा पंखा उभारून पंख जमिनीला घासत मिरवतो. दिवसभर हा पक्षी जमिनीवर पाला उकरत ओकची फळे, बिया, कोवळे अंकुर व किडे खातो आणि सूर्यास्ताला उंच झाडावर रातथाऱ्याला जातो. मादी पालापाचोळ्यात खळगा करून १० ते १२ अंडी घालते व २८ दिवस उबवते. सुमारे दोन आठवड्यांपर्यंत पिल्ले रात्री तिच्या पंखांखाली जमिनीवरच असतात. त्यांना अजून उडता येत नसते, म्हणून हाच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ.

पाळीव टर्की दक्षिण मेक्सिकोतील उपजातीपासून आली. स्पॅनिश लोकांनी ती सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेली आणि पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात पोचली. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने १६१२ मध्ये गोव्याहून ज्या नवलाच्या वस्तू दरबारी आणल्या, त्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या अंगणात वाढलेले हे रक्त पुढे रानटर्कीच्या पुनरुज्जीवनात मोठा अडथळा ठरले.

युरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी रानटर्की असाव्यात असा अंदाज केला जातो. शेतीसाठी झालेली जंगलतोड आणि शहरी बाजारांसाठी वर्षभर चाललेली बेसुमार शिकार या दोन कारणांनी त्या ओसरल्या. कनेक्टिकटमध्ये १८१३ नंतर रानटर्की दिसली नाही. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची १८५१ मध्ये माउंट टॉम येथे मारली गेली. मूळ क्षेत्रातल्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून १९२० पर्यंत हा पक्षी पूर्णपणे गेला होता. १९३० च्या दशकात साऱ्या देशात दोन लाखांच्या आसपास पक्षी उरले, तेही माणसाला पोचायला अवघड अशा जागी : दक्षिणेकडील दलदलींत, ओझार्क व ॲपालाचियन डोंगरांच्या आडबाजूंना. पुढे जे काही झाले ते या उरल्यासुरल्या थव्यांच्या आधारावर.

अवैधरीत्या मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला १९०० च्या लेसी कायद्याने पायबंद घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारी बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव कामासाठी राखून ठेवले. दरम्यान पूर्वेकडील डोंगराळ भागांत ओसाड पडलेल्या शेतांवर जंगल आपोआप परतू लागले होते. पैसा होता, कायदा होता, जंगलही होते. आता तेथे पक्षी न्यायचे होते.

त्यासाठी आधी निवडलेला मार्ग सोपा दिसणारा होता. अनेक राज्यांनी टर्कीपालन केंद्रे काढली. रानटी नर व पाळीव किंवा अर्धपाळीव माद्या यांची संतती वाढवून ती जंगलात सोडली जाऊ लागली. एकट्या पेनसिल्व्हेनियाने १९८० च्या सुमारास आपले केंद्र बंद होईपर्यंत दोन लाखांवर पक्षी सोडले. यातून जवळजवळ कोठेही टिकाऊ थवे उभे राहिले नाहीत. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईचा इशारा कधी ऐकायला मिळालेला नसतो. बहिरी ससाण्याची सावली दिसताच जमिनीला चिकटून बसायचे, कोल्ह्याचा सुगावा लागताच उडून झाडावर जायचे, बर्फ पडले की कोणत्या उताराला खायला मिळते, हे त्याला शिकवणारे कोणी नसते. ए. स्टार्कर लिओपोल्ड यांनी मिसुरीतील रानटी व संकरित पक्ष्यांची तुलना करून १९४४ मध्ये दाखवून दिले, की हा फरक केवळ शिकवणुकीचा नाही. रानटीपणाचा बराच भाग आनुवंशिक आहे आणि पाळीव रक्त मिसळले की तो पातळ होतो. म्हणजे ही केंद्रे नुसती निरुपयोगी नव्हती, तर अपायकारकही होती. पोसलेले पक्षी उरल्यासुरल्या रानटी थव्यांत मिसळले तर चांगले रक्तही बिघडण्याचा आणि रोग पसरण्याचा धोका होता. इतके कळूनही काही राज्यांनी हा उद्योग अनेक दशके चालू ठेवला, याचे कारण सोडलेल्या पक्ष्यांचा आकडा दाखवता येत असे. या पक्ष्याच्या इतिहासातला हा सर्वांत महागडा धडा आहे.

रानटी पक्षीच पकडायचे ठरले, तरी ते पकडायचे कसे हा प्रश्न होता. वसाहतकाळापासून ओंडक्यांचा सापळा माहीत होता. लाकडी खोपट्यात जमिनीखालच्या चरातून मक्याच्या दाण्यांचा माग लावायचा. आत आलेली टर्की बाहेर पडण्यासाठी मान वर करून फटी शोधत राहते आणि पायाखालची वाट तिला दिसत नाही. पण उरलेले पक्षी फार सावध झालेले होते आणि अशा सापळ्यात थोडेच सापडत. मार्ग निघाला तो पाणपक्ष्यांच्या अभ्यासातून. बदके व हंस पकडण्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तोफेने उडवायचे जाळे तयार करण्यात आले होते. दक्षिण कॅरोलायनातील जीवशास्त्रज्ञ हर्मन ‘डफ’ हॉलब्रुक यांनी १९५१ मध्ये फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात तेच जाळे रानटर्कीवर वापरले. एका झडपेत अख्खा थवा हाती येऊ लागला. नंतर तोफांच्या जागी अग्निबाणही आले. टेक्ससच्या उघड्या माळांवर खांबांवर ताणून वरून सोडायचे जाळे अधिक सोयीचे ठरले.

ही पकड हिवाळ्यात, बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये केली जाते. त्या दिवसांत पक्षी मोठ्या थव्यांनी राहतात, रानात खाद्य कमी असते आणि मक्याच्या आमिषाला ते येतात. शिवाय विणीला अजून काही आठवडे अवकाश असतो. तेवढ्यात मादीला नवे रान पायाखाली घालता येते आणि पहिलेच घरटे नव्या जागी होते. शेताच्या कडेला किंवा जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यात काही दिवस रोज भरड मका टाकला जातो. थवा ठरल्या वेळी येऊ लागला की जाळे चुण्या घालून एका रेषेत जमिनीवर मांडतात, पाल्याने झाकतात आणि त्यामागे तीन-चार आखूड नळकांडी पुरतात. त्यांत काळी दारू असते व तारा लपणापर्यंत नेलेल्या असतात. मका जाळ्यापुढे अरुंद पट्टीत टाकतात, म्हणजे पक्षी दाटीने उभे राहतात.

लपणातल्या माणसाला उजाडण्याआधीच येऊन बसावे लागते आणि त्याची कसोटी थांबण्यात असते. जाळे जमिनीलगत वेगाने झेपावते, त्यामुळे मान वर केलेल्या पक्ष्याला ते लागून तो जागीच मरू शकतो. सगळे पक्षी जाळ्याच्या टप्प्यात हवेत आणि सगळ्यांची डोकी खाली हवीत. हरीण मध्ये आले तर ते जाईपर्यंत थांबायचे. एखादी मादी बावरली तर त्या दिवशी नळकांडी उडवायचीच नाहीत. बार झाला की सारे धावतात, जाळ्याच्या कडा दाबून धरतात आणि एकेक पक्षी पाय व पंख एकत्र धरून बाहेर काढतात. नर-मादी ठरवणे, पंखातील टोकाच्या पिसांवरून वय ओळखणे, पायात क्रमांकाचे वाळे घालणे आणि रोगांसाठी रक्ताचे नमुने घेणे ही कामे भराभर उरकली जातात. प्रत्येक पक्ष्याला हवेसाठी भोके पाडलेले वेगळे पुठ्ठ्याचे खोके मिळते. अंधारात तो शांत राहतो. घाई केवळ सोयीची नाही. फार झटापट झाली किंवा भीती लांबली तर टर्कीचे स्नायू झिजू लागतात आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षी सोडल्यानंतर काही दिवसांनी मरतो. चांगली तुकडी सोडलेले पक्षी मोजून समाधान मानत नाही, जगलेले मोजते.

सोडायच्या पक्ष्यांत माद्या जास्त ठेवतात, कारण एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो. नव्या जागी काही वर्षे शिकारीला बंदी असते. ही बंदी कागदावर किरकोळ वाटते, परंतु तिच्याशिवाय बाकी सारी मेहनत वाया गेली असती.

या पद्धतीचा सर्वांत नीट नोंदलेला प्रयोग मिसुरीचा. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे १४ परगण्यांत मिळून अडीच हजारांहून कमी पक्षी उरले होते. पेक रँच या राखीव रानातून १९५४ मध्ये पकड सुरू झाली आणि १९७९ पर्यंत २,६११ पक्षी ८७ परगण्यांतील १४२ ठिकाणी नेण्यात आले. १९६० मध्ये पहिला तीन दिवसांचा शिकारीचा हंगाम झाला, तेव्हा ९४ नर मारले गेले. काही दशकांतच या राज्यातील वार्षिक शिकारीचा आकडा हजारोंत मोजला जाऊ लागला.

ईशान्येकडे न्यूयॉर्क हे मूळ ठरले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून काही पक्षी आपणहून न्यूयॉर्कच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात शिरले. त्यांच्या वंशजांनी शेजारची राज्ये भरली. १९६९-७० मध्ये ३१ पक्षी व्हर्माँटच्या पॉलेट व हबर्डटन येथे गेले, १९७२-७३ मध्ये ३७ मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर टेकड्यांत, १९७५ मध्ये २५ न्यू हॅम्पशायरच्या वॉलपोल येथे आणि त्याच वर्षी २२ कनेक्टिकटमध्ये. व्हर्माँटने मग आपल्याकडले ४१ पक्षी १९७७-७८ मध्ये मेनला दिले. या राज्यांत आज हजारोंनी टर्की आहेत. लाखो पोसलेल्या पक्ष्यांना जे जमले नाही, ते बर्फातून, घुबडांच्या तावडीतून व कोल्ह्यांच्या वाटांवरून जगून दाखवलेल्या मूठभर पक्ष्यांनी केले.

रानप्राणी विकण्यास कायद्याने मनाई असल्याने राज्यांमध्ये अदलाबदल होऊ लागली. आयोवाने १९६६ मध्ये मिसुरीच्या पक्ष्यांपासून शिमेक राज्यवनात सुरुवात केली होती. १९८० च्या दशकात त्याने आपल्याकडले पक्षी केंटकीला दिले आणि त्या व्यवहारातून लुइझियानाची पाणमांजरे मिळवून आपल्या नद्यांत सोडली. कॅनडातील ऑन्टॅरिओनेही १९८४ पासून अमेरिकी राज्यांतून पक्षी आणले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन या शिकाऱ्यांच्या संघटनेने वाहतुकीचा बराच खर्च उचलला. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख रानटर्की होत्या. २००० च्या दशकात ही संख्या सत्तर लाखांच्या जवळ गेली.

हे यश काही ठिकाणी मर्यादेबाहेरही नेले गेले. दक्षिण डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये ही जात मूळची नव्हती. तेथे १९४८ ते १९५१ या काळात न्यू मेक्सिको व कोलोरॅडोतून मेरियम उपजातीचे थोडे पक्षी आणले आणि ते फोफावले. कॅलिफोर्नियात व हवाई बेटांत टेक्ससच्या रिओ ग्रांडे उपजातीचे पक्षी शिकारीसाठी नेण्यात आले. हरवलेला पक्षी परत आणणे आणि नवा पक्षी बसवणे यांना एकाच मापाने मोजू नये. दुसऱ्या प्रकारात स्थानिक वनस्पती व प्राण्यांवर काय परिणाम होईल हे आधी तपासले जायला हवे होते. याउलट ॲरिझोनाचे काम आदर्श मानावे असे आहे. तेथील दक्षिणेकडच्या पर्वतांतून गेलेली गूल्ड उपजाती १९८३ पासून मेक्सिकोतील सिएरा माद्रेतून आणून वाचुका पर्वतात सोडण्यात आली. सीमेवर कुक्कुटरोगांच्या भीतीने लावलेल्या विलगीकरणाच्या अटी पार करायला खूप चिकाटी लागली.

टर्की आता गावांत व उपनगरांतही शिरल्या आहेत. माणसांनी दाणे टाकले की त्या धीट होतात. थव्यातल्या वर्चस्वाच्या क्रमात माणसालाही गणून त्याच्या अंगावर जातात, मोटारींच्या चकाकीत दिसणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतात. युटाचे खाते अशा थव्यांना हिवाळ्यात पकडून डोंगरात नेते. मॅसॅच्युसेट्ससारखी राज्ये हे टाळतात, कारण माणसाला सरावलेला पक्षी जेथे जाईल तेथे गावच शोधतो. दाणे टाकणे थांबवा, असे तेथील अधिकारी सांगतात. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या थव्यात पाळीव रक्त मिसळलेले असल्याने त्याला रानात सोडणे शक्यच नव्हते. २०१३ मध्ये त्यांतले काही पक्षी मारले गेल्यावर लोक खवळले आणि पुढे काही पक्ष्यांची एका प्राणी आसऱ्यात सोय झाली.

गेल्या दोन दशकांत आग्नेयेकडील राज्यांत आणि खुद्द मिसुरीतही दर मादीमागे जगणाऱ्या पिल्लांची संख्या घटली आहे. दाट व दुर्लक्षित जंगले, पिल्लांना किडे मिळतील अशा गवताळ जागांची टंचाई, घरटी लुटणारे रॅकूनसारखे प्राणी, विणीच्या काळातली शिकार अशा अनेक कारणांचा अभ्यास चालू आहे. २००९ मध्ये रानटर्कींत लसिकापेशींना बाधणारा एक विषाणूही सापडला. अशा ठिकाणी आणखी पक्षी नेऊन काही साधत नाही. पूर्व टेक्ससमध्ये १९७९ पासून १५-१५ पक्ष्यांचे थवे सोडत हजारो पक्षी नेले, तरी बरेच थवे तगले नाहीत. म्हणून तेथे आता आधी जंगल पारखले जाते, साचलेला पाला ठरवून जाळून गवताला जागा करून दिली जाते. ते पुरेसे झाल्याची खात्री पटल्यावरच बाहेरच्या राज्यांतून आणलेले सुमारे ८० पक्षी एकाच जागी सोडतात. त्यांत सुमारे ६० माद्या असतात. काही माद्यांच्या पाठीवर प्रक्षेपक बसवून प्रत्येक घरट्याचा व पिल्लांचा माग ठेवला जातो.