आगकाड्या आणि खेळणी

यंत्र बदलले की कला आपोआप बदलते, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

१९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित सरकवायची, चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या नाचू लागत. साधन तुटपुंजे, म्हणून विषयही त्याला पेलेल असाच निवडला.

पुढे १९९५ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर रचलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आणला. त्या काळी संगणकाला माणसाची त्वचा व केस नीट साधत नसत. सारे प्लॅस्टिकसारखे दिसे. मग नायक खेळणीच का नसावीत? उणिवेचे भूषण झाले. परंतु तेवढ्याने भागले नाही. १९९३ साली दाखविलेल्या कच्च्या रूपात नायक वुडी इतका खाष्ट उतरला होता की, भागीदार डिस्नेने काम थांबविले. दोष यंत्राचा नव्हता, कथेचा होता. कथा पुन्हा लिहिली गेली. नव्या खेळण्यापुढे आपण अडगळीत पडू, ही वुडीची भीती प्रेक्षकाला आपलीशी वाटली. ती नातवाला कळते आणि निवृत्त आजोबांनाही. कुटुंबाचा चित्रपट बदलला तो येथे, असे आम्हांस वाटते.

नागपूरकर श्रोतेहो, संगणक आज आपल्याही घरात आला आहे. आजोबांना आणि नातवाला शेजारी बसविणारी आपली गोष्ट मात्र आपणांसच रचावी लागेल.