वेताळ : कथा आणि चित्रपट
वेताळ : प्रेताच्या आश्रयाने राहणारे पिशाच, तसेच भुतांचा अधिपती मानलेली लोकदेवता. महाराष्ट्रात अनेक गावांच्या शिवेवर शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या रूपात तो पूजिला जातो. लोकांना त्याची भीती वाटते, तसाच तो गावाचा राखणदारही समजला जातो.

सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) वेताळाच्या पंचवीस कथा आल्या आहेत. त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, राजा होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव तालुक्याच्या पैलतीरावर हे नगर वसले आहे. लोकप्रचलित रूपांत मात्र नायक उज्जैनचा विक्रम असतो. एका भिक्षूच्या विनंतीवरून राजा स्मशानातील झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातील वेताळ न्यायाचा पेच घालतो. उत्तर ठाऊक असून मौन राखल्यास राजाचे मस्तक फुटणार व बोलल्यास प्रेत परत झाडावर जाणार, अशी ही कोंडी आहे. अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचे कपट उघड करतो आणि राजा भिक्षूचा शिरच्छेद करतो.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी (१८३०) मराठीत आणली. रिचर्ड बर्टन याने या कथांच्या इंग्रजी रूपांतरात (१८७०) वेताळाला ‘व्हँपायर’ हे यूरोपीय नाव दिले. पुढे ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला (१८९७) या कादंबरीने आणि मुर्नाऊच्या नॉस्फेरातू (१९२२) या मूकपटाने रक्तपिपासू पिशाचाची प्रतिमा जगभर रूढ केली.

ही प्रतिमा इतिहासाशी जोडून साहसपटही निघाले. अब्राहम लिंकन : व्हँपायर हंटर (२०१२) या अमेरिकन चित्रपटात गुलामगिरीचे पाठीराखे रक्तपिपासू पिशाचे दाखविले आहेत. हिंदीत रॅमसे बंधूंचा बंद दरवाजा (१९९०) ड्रॅक्युलाच्या वळणाचा आहे. मूळ कथांना जवळची राहिली ती रामानंद सागर यांची विक्रम और बेताल (१९८५) ही दूरदर्शन मालिका. मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांच्या थामा (२०२५) या हिंदी चित्रपटात मात्र वेताळ हे रक्तावर जगणाऱ्या अमानवी जमातीचे नाव झाले.

बर्टनने वेताळाला दिलेले परके नाव अशा रीतीने परक्या स्वभावासह परत आले. गोदाकाठच्या कथेतील वेताळ राजाचे रक्त मागत नाही, निवाडा मागतो. तेथील खरा घातकी माणूसच आहे. पडद्यावर झुंज राहिली, पण तिला अर्थ देणारा प्रश्न बहुधा गळून पडला.