आंदणाचा किल्ला : सोलापूर आणि दख्खनी राजघराण्यांतील विवाहसंबंध

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास सामान्यतः वेढे आणि तह यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. परंतु हा किल्ला दोनदा आंदणाचा विषय झाला होता, आणि त्या दृष्टीने पाहिल्यास राजघराण्यांत दिल्या गेलेल्या कन्यांचे राजकीय स्थान अधिक स्पष्ट होते.

इ. स. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम हिच्याशी सोलापूर येथे झाला. मरियमची आई बुबूजी खानम ही मुकुंदराव या मराठा सरदाराची बहीण. इस्माइलच्या बालपणी कमालखानाने राज्य बळकावण्याचा घाट घातला, तेव्हा तिनेच तो हाणून पाडला होता. विवाहात सोलापूर देण्याचे वचन दिले होते, असा निजामशाहीचा दावा होता. किल्ला मिळाला नाही आणि सोयरिकीतून युद्ध उद्भवले.

पुढे तालिकोटच्या लढाईपूर्वी (१५६५) हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी अली आदिलशहास दिली गेली व सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडे आले. त्याच वेळी अलीची बहीण हुसेनचा पुत्र मुर्तझा यास दिली गेली. मराठीत आंदण लेकीबरोबर जाते. येथे मात्र किल्ला राज्याला मिळाला आणि लेकीच्या वाट्यास दोन घराण्यांमधील दुव्याचे काम आले.

हे काम किती बिकट होते, ते १५८० नंतर दिसून येते. अलीच्या वधानंतर अल्पवयीन इब्राहिमच्या वतीने चांदबीबी कारभार पाहू लागली. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, आणि ती आपल्या भावास विजापूरवर चढाई करण्यास चिथावते असा आरोप ठेवला. ज्या माहेराच्या आधारामुळे तिच्या शब्दास वजन होते, तेच माहेर तिच्यावरील संशयाचे कारण ठरले. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरास वेढा घातला तेव्हा हे नाते उलट दिशेने उपयोगी पडले. इब्राहिमची फौज नळदुर्गाकडे गोळा झाली. अखेर वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्ये मोगलांशी संगनमत केल्याच्या संशयावरून तिच्याच सैनिकांनी तिचा वध केला.

अशी उदाहरणे केवळ दख्खनपुरती मर्यादित नाहीत. इंग्लंडच्या जॉन राजाची कन्या जोन १२०५ मध्ये वेल्सच्या ल्यूएलिनला दिली गेली, तेव्हा तिच्याबरोबर एल्झमिअरची जहागीर गेली; १२११ मध्ये पतीच्या वतीने पित्याशी तडजोड करण्यास तीच पुढे झाली.

चांदबीबीस केवळ अपवादात्मक वीरांगना मानले, की तिच्या शौर्याचा गौरव होतो. परंतु ज्या व्यवस्थेने तिला सत्ता दिली आणि ज्या व्यवस्थेने तिच्यावर कधीच पुरता विश्वास ठेवला नाही, ती एकच होती, हे नजरेआड होते. सोलापूरचा किल्ला त्या व्यवस्थेचा साक्षी होय.