श्रुत आणि लिखित

विद्वान माणसाला आपण मराठीत ‘बहुश्रुत’ म्हणतो. पुष्कळ वाचलेला नव्हे, पुष्कळ ऐकलेला. प्राचीन धर्माचार्यांना लिहितावाचता येत होते काय, असे विचारताना आपण साक्षरता आणि विद्वत्ता या दोन गोष्टी नकळत एकच धरतो. बौद्ध भिक्षुसंघाचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांतील अंतर ध्यानात येते.

विनयपिटकातील महावग्गात राजगृहाच्या उपाली नामक मुलाची कथा आहे. मुलाने पुढे काय करावे, याची आईबापांना विवंचना आहे. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणित शिकला तर छाती दुखेल. त्यापेक्षा भिक्षू झालेला बरा, सुखाने राहील! कथेतील मिस्कीलपणा सोडला, तरी लेखन हे पोट भरण्याचे एक साधन म्हणून त्या समाजास परिचित होते, हे उघड आहे. तेव्हा लिपी नव्हती म्हणून सूत्रे मुखोद्गत केली, हे नेहमीचे उत्तर पुरे पडत नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने राजस्थानातील बैराट येथील शिलालेखात सात धर्मग्रंथांची नावे कोरविली. पण भिक्षू-भिक्षुणींनी ते वारंवार ऐकावेत व त्यांचे मनन करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. वाचावेत, असे तो म्हणत नाही.

हे पाठांतर सांभाळणाऱ्यांना ‘भाणक’ म्हणत. दीघनिकायाचे भाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. एकाच्याच माथी सारा भार नव्हता. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान नोंदलेले आहे. हा मनुष्य आपल्याला ठाऊक आहे तो मात्र कोरलेल्या अक्षरांमुळे.

या व्यवस्थेतील धोका संघ जाणून होता. वर्षावासात भिक्षूने स्थान सोडू नये, असा नियम. परंतु एखाद्या उपासकाने ‘मला येणारे सूत्र लुप्त होण्यापूर्वी येऊन शिकून घ्या’ असा निरोप धाडला, तर सात दिवसांपुरते जाण्याची मुभा महावग्गात दिली आहे. सूत्र गृहस्थाजवळ आणि शिकणारा भिक्षू, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

श्रीलंकेत हा धोका प्रत्यक्ष ओढवला. तेथील महाभयाच्या काळात ‘महानिद्देस’ येणारा एकच भिक्षू उरला होता, आणि त्याचे आचरण चांगले नव्हते, असे ‘समन्तपासादिका’ ही अट्ठकथा सांगते. महारक्खित स्थविरांना त्याच्यापुढे बसणे नकोसे वाटले. गुरूंच्या आग्रहामुळे ते बसले व ग्रंथ वाचला. माझ्या मते तालपत्राची गरज संघाला का भासली, हे या एका प्रसंगावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशाने कळत नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या कारकिर्दीत, त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले. परंपरेने ते स्थळ मातळेजवळचा आलुविहार मानतात.

भारतात मुखपरंपरा त्यानंतरही दीर्घकाळ चालली. विनयग्रंथांच्या शोधात इ. स. ३९९ मध्ये चीनहून निघालेल्या फाहियानला उत्तर भारतात आचार्य भेटले, पण उतरून घ्यायला पोथी मिळेना. अखेर पाटलिपुत्रास महासांघिकांचा विनय मिळाला. तेथे तीन वर्षे राहून तो संस्कृत शिकला व पोथ्या उतरून घेतल्या. मायदेशी परतल्यावर बुद्धभद्राच्या साह्याने त्या विनयाचे भाषांतर झाले. संपूर्ण स्वरूपात तो विनय आज केवळ चिनी भाषेत उपलब्ध आहे.