पांचगणीचें पठार व मेणवलीचा वाडा

आपणांपैकीं पुष्कळांनीं पांचगणीचें टेबललँड पाहिलें असेल. वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर, सुमारें ४,३०० फूट उंचीवर, तासल्यासारखें सपाट असें हें पठार लागतें. सह्याद्रीचा मूळ खडक लाव्हारसाचा. परंतु या माथ्यावर जांभ्याचें जाड कवच आहे. लक्षावधि वर्षांच्या पावसानें खडकांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून नेलीं. लोह व ॲल्युमिनियम यांचे विरघळण्यास कठीण असे अंश तेवढे मागें राहिले आणि तेच घट्ट होऊन हें कवच बनलें. भोंवतालची भूमि झिजून खोल गेली. पठार मात्र टिकलें.

याच डोंगराच्या पायथ्याशीं कृष्णेचें खोरें आहे. तेथें, वाईपासून अवघ्या दोन मैलांवर, मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. नानांचा जन्म १७४२ सालचा, सातारचा. पेशवाईचा कारभार त्यांनीं पुण्यांतून हांकला. पण सहा चौकांचा वाडा, घाट व देवालयें उभारलीं तीं या कृष्णाकांठीं. घाटावरील पोर्तुगीज घंटेवर बाल येशूसह मेरीची आकृति आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण होय.

१३ मार्च १८०० रोजीं नाना निवर्तले. मागें राहिल्या जिऊबाई; वयानें केवळ बालिका. दुसऱ्या बाजीरावाच्या धाकानें त्यांस लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला. १८०४ सालीं वेलस्लीच्या मध्यस्थीनें त्यांस सालिना बारा हजारांची नेमणूक झाली. त्यांनीं मेणवलीस घर राखलें, दत्तक घेतला आणि १८५४ सालीं देह ठेविला.

नानांची सत्ता त्यांच्याबरोबर गेली. पेशवाईहि १८१८ सालीं बुडाली. वाड्यांतील कागद मात्र राहिले. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं ते मिळविले. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणारांस हें मेणवली दप्तर टाळतां येत नाहीं. घर वसतें राहिलें म्हणूनच कागदहि वांचले, असें म्हणावयास हरकत नाहीं. नानांच्या मुत्सद्देगिरीची कीर्ति सर्वत्र आहे. पन्नास वर्षें घर राखणाऱ्या त्या विधवेचें नांव मात्र क्वचितच निघतें.

तेव्हां पांचगणीहून उतरतांना थोडी वाट वांकडी करून मेणवलीस अवश्य जावें, आणि नानांबरोबर जिऊबाईंचेंहि स्मरण करावें.