विलायती साप्ताहिकांचीं नवीं मुखपृष्ठें

परदेशांत निघालेली पुनर्मुद्रित आवृत्ति म्हणजे मूळ प्रतीची हुबेहूब नक्कल, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकन सुपरहीरोंच्या चित्रकथा इंग्लंडांत छापल्या गेल्या, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. आंतील कथा जुनी, पण वरचें मुखपृष्ठ नव्यानें काढलेलें, असा प्रकार तेथें कित्येक वर्षें चालला होता.

याचें मूळ कलेंत नसून पंचांगांत होतें. अमेरिकेंत अशा कथांचे अंक महिन्याचे महिन्यास निघत. विलायतेंतील मुलांना मात्र दर आठवड्यास अंक घेण्याची संवय. १९७२ सालीं मार्व्हल कंपनीनें तेथें 'द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल' हें साप्ताहिक पांच पेन्स किंमतीस सुरू केलें. हल्क, फॅन्टॅस्टिक फोर व स्पायडर-मॅन यांच्या सुमारें दहा वर्षांपूर्वींच्या कथा त्यांत क्रमशः येऊं लागल्या. एका कथेचे तुकडे करून ते दोन-तीन आठवड्यांस वांटावे लागत. मूळ मुखपृष्ठ मात्र एकच! तें पहिल्या अंकावर खर्चिलें, तर दुसऱ्यावर काय छापावयाचें? शिवाय मूळ मुखपृष्ठावर बहुधा कथेंतील निकराचा प्रसंग असे. जो प्रसंग अंकांत नाहीं तो वर दाखविणें म्हणजे पांच पेन्स मोजणाऱ्या मुलाची फसवणूकच होय.

म्हणून नवीं चित्रें आलीं. १९७३ अखेर अशीं तीन साप्ताहिकें झालीं आणि वर्षाकाठीं दीडशेंहून अधिक मुखपृष्ठांची गरज पडूं लागली. विशेष हें कीं, विलायतेसाठीं असलेलीं हीं चित्रें त्या काळांत बहुतांशीं न्यूयॉर्कमध्येंच तयार होत. रॉन विल्सन या तरुण चित्रकारानें उमेदवारीच्या काळांत हें काम केलें. स्टॅन ली यांचे धाकटे बंधु लॅरी लीबर यांनींहि केलें. जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्को यांनीं पूर्वीं रेखाटलेली कथा घ्यावयाची आणि त्या आठवड्याच्या पानांस साजेल असा प्रसंग नव्यानें उभा करावयाचा, असें तें काम होतें.

याच निकडीनें एकदां भलतें वळणहि घेतलें. १९७५ सालीं 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या साप्ताहिकास अमेरिकेंतील मजकूर पुरेना. तेव्हां मंगळावरील शत्रूंशीं लढणाऱ्या किलरेव्हन या वीराच्या कथा घेतल्या, शत्रूंच्या धडांवर वानरांचीं मस्तकें चढविलीं आणि नायकाचें 'एपस्लेयर' असें नवें बारसें केलें! गरज एकच, साधनहि एकच. पण मुखपृष्ठाचा चित्रकार आंत काय आहे हें दाखवीत होता, तर हा फेरफार आंत मुळांत काय होतें हें झांकीत होता.

त्या कथा पुढें पुस्तकरूपानें वारंवार छापल्या गेल्या. कर्बी व डिट्को यांचीं नांवें जगभर झालीं. मुखपृष्ठांचें काम मात्र आठवड्यापुरतें. पुढचा अंक आला कीं मागचा रद्दींत जाई. पण दुकानांत उभ्या असलेल्या मुलाचा हात खिशाकडे वळला, तो प्रथम त्याच चित्रामुळें, हें विसरून चालणार नाहीं.